भिंगरीचा चावा

मी जबड्यांची डॉक्टर आहे. असं सांगितलं की लोक आधी दचकतात आणि मग लगेच आ करून मला आपली दुखरी दाढ दाखवतात. मी दाढा बघत नाही. मी मोडलेले जबडे जोडते, तेही बहुतेक लहान मुलांचे, कारण आमच्या रुग्णालयासमोरून एक भला रुंद रस्ता जातो आणि त्यावर मोठी माणसं गाड्या चालवतात. मुलांनी चालवल्या असत्या तर मला निदान दुपारचं जेवण गरम मिळालं असतं.

मी तापट आहे असं वॉर्डात म्हणतात. म्हणोत. ज्या बाईला दर दोन दिवसांनी हनुवटीला फडकं बांधलेलं एखादं चिमुरडं पोर बघावं लागतं, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या धडधाकट माणसाकडून "मी तर हळूच चालवत होतो" हे ऐकावं लागतं, तिनं काय त्याची पाठ थोपटायची?

भिंगरी आली ती अशीच. वय आठ, अंगावर शाळेचा गणवेश, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला बापाचा भला मोठा रुमाल आणि वर गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी उभी. एका जागी म्हणून बसत नाही, यामुळे घरी तिला भिंगरी म्हणत. त्या दिवशी मात्र ती आईच्या मांडीवर अगदी गप्प बसली होती. शेजारी बाप उभा होता, खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी. आणि पार दाराशी, आत यावं की नको अशा बेतात, कोपर खरचटलेला एक तरुण होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्यांना विचारा," आई दाराकडे न बघताच म्हणाली.

तो तरुण म्हणजे भिंगरीचा काका, बापाचा धाकटा भाऊ. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायचा. पुतणीला शाळेतून आणत होता. ती स्कूटरवर पुढे उभी. एका फाटकातून मालाची गाडी उलटी बाहेर आली, यानं करकचून ब्रेक दाबला. स्कूटर थांबली, भिंगरी थांबली नाही, आणि तिची हनुवटी हँडलवर आपटली.

"मी तर हळूच..." त्यानं सुरुवात केली.

"पुढे उभं करायचं म्हणजे स्वतःच्या आणि गाडीच्या मधे पोर धरायचं," मी म्हटलं. "कळतं का तुम्हाला?"

"हेच मी मघापासून सांगतेय," आई म्हणाली. "भावजी, तुम्ही जिन्यावर बसा."

तो निमूटपणे जाऊन जिन्यावर बसला. वहिनींनी त्याच्यावर असा दात धरला होता की पुढचा सगळा दिवस आणि दुसरी सकाळ तो तिथेच होता. येणारेजाणारे त्याला ओलांडून जात.

रुमाल सोडून मी बघितलं. खालचा जबडा हनुवटीच्या जरा डाव्या बाजूला मोडला होता आणि दोन्ही तुकडे सरकले होते. खालच्या दातांच्या ओळीत पायरी पडली होती. मोठ्या माणसाचं असं झालं की धातूची पट्टी लावून स्क्रूनं हाड आवळून टाकतात. मुलांच्या जबड्यात तसं करता येत नाही, कारण त्यांचे कायमचे दात आत हाडातच दडून बसलेले असतात, वर यायची वाट बघत. स्क्रू घातला की तो बरोबर एखाद्या न उगवलेल्या दाताच्या डोक्यात जायचा.

म्हणून आम्ही टोपी घालतो. वरच्या आणि खालच्या दातांचे ठसे घ्यायचे, त्यांत प्लास्टर ओतून दातांची हुबेहूब नक्कल करायची. मग खालच्या नकलेवर, हाड जिथे मोडलंय तिथेच, करवत चालवायची आणि दोन्ही तुकडे वरच्या दातांशी जुळतील असे पुन्हा बसवायचे. त्या जुळवलेल्या नकलेवर खालच्या दातांसाठी प्लास्टिकची टोपी घडवायची. मुलाला भूल दिली की खरा जबडा त्या टोपीत बसवून तारेनं बांधून टाकायचा. टोपी जशी असेल तसा जबडा होतो. आणि मुलांचं हाड फार लवकर जुळतं, ही आनंदाची गोष्ट आहे, फक्त ते वाकडं बसलं असेल तरीही तितक्याच लवकर जुळतं. मग ते पोर आयुष्यभर वाकडं चावतं, आणि चेहराही हळूहळू त्या बाजूला जातो.

"तर मला हे कळायला हवं," मी आईबापांना सांगितलं, "की पडायच्या आधी हिचे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसायचे."

मोठ्यांच्या बाबतीत हे दातच सांगतात. झिजून झिजून ते एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. आठ वर्षांचं तोंड म्हणजे दुरुस्तीला काढलेला रस्ता. काही दात पडलेत, काही अर्धे आलेत, काही हलताहेत. प्लास्टरचे तुकडे वरच्या दातांखाली कसेही सरकवा, बरे दिसतात.

"हसतानाचा फोटो असला तर उत्तम," मी म्हटलं.

एवढा वेळ तोंडचं पाणी पळालेला बाप एकदम ताठ झाला. "फोटो? डॉक्टर, फोटोच हवेत ना? अहो, माझा स्टुडिओ आहे!"

तो धावतच गेला आणि मोठी थैली भरून फोटो घेऊन आला. भिंगरी तान्ही असल्यापासूनचे. मी एकेक बघू लागले. सगळ्यांत ती समोर बघत होती, मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसताहेत आणि तोंड घट्ट मिटलेलं. वाढदिवसाला केकच्या मागे तोंड मिटून. झोपाळ्यावर तोंड मिटून. सहलीला डोंगरावर तोंड मिटून, तिथेही मागे यानं पांढरी चादर धरायला लावली होती.

"ही मुलगी हसतच नाही का?"

"दिवसभर खिदळते!" बाप म्हणाला. "पण फोटोत हसलेलं चालत नाही ना. आपलं काम ओळखपत्राच्या फोटोंचं. दात दिसले की अर्ज परत येतो."

"घरचा अल्बम कुठल्या अर्जाला लावायचा होता?" आई म्हणाली. हे भांडण या घरात जुनं असावं, कारण तो थैलीतले फोटो पुन्हा चाळू लागला.

"बरं, कुणाच्या फोनवर तरी असेल एखादा?"

आईनं नवऱ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. फोनवर काढलेला फोटो म्हणजे फोटोच नव्हे, असं याचं मत होतं आणि घरात त्याला बंदी होती. लग्नाआधी हा मनुष्य फार गोड बोलायचा, अशी माहितीही मला या निमित्तानं मिळाली.

मग त्याला आठवलं. "आहे! एक आहे! दुकानाच्या काचेत लावलाय."

तो फोटो पाहून माझा जीव भांड्यात पडला. भिंगरी दातांवर दात ठेवून हसत होती, वरचे आणि खालचे दात लख्ख दिसत होते, आणि ते एकमेकांवर इतके नेमके बसलेले की वरच्या मधल्या दोन दातांची रेघ थेट खालच्या दोघांच्या रेघेत. दोनच महिन्यांपूर्वीचा होता. मी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

ठशांच्या वेळी भिंगरीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी इथे वर्णन करत नाही. मोडक्या जबड्यावर तो गार लगदा दाबायचा म्हणजे दुखणारच, औषध दिलं तरी. तिनं हूं की चूं केलं नाही. फक्त सगळं झाल्यावर तोंड पुसायला दिलेला कापूस तिनं माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात नीट घडी करून ठेवला.

आमच्याकडे नकला करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे प्लास्टर म्हणतात, आणि ते केसांपासून बुटांपर्यंत तसेच दिसतात. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या टेबलाशी बसलो. फोटो दिव्याला टेकवला, करवत चालवली, तुकडे मेणावर बसवले आणि सरकवत सरकवत फोटोतल्यासारखी रेघ जुळवली. उजवीकडच्या मागच्या दाढेत तेवढी फट राहत होती. कागद घातला तर सहज सरकत होता.

"दाढ अजून पुरती वर आली नसेल," प्लास्टर म्हणाले.

"तसंच असणार," मी म्हटलं. "फोटो काय खोटं बोलतोय?"

आम्ही दोघंही त्या नकलेकडे कौतुकानं बघत राहिलो. इतका देखणा चावा आमच्या टेबलावर बऱ्याच दिवसांत जुळला नव्हता. प्लास्टरांनी टोपी घडवली, घासून चकाचक केली, आणि आम्ही एकमेकांची स्तुती करून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीचा नंबर पहिला होता. भूल द्यायची म्हणून तिला उपाशी ठेवलेलं, त्यामुळे ती गादीवर फुरंगटून बसली होती. मी नकला आणि टोपी घेऊन वॉर्डात गेले. खरं सांगायचं तर दाखवायची काही गरज नव्हती. कौतुक ऐकायला गेले होते.

आईनं नक्कल हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. "छान आहे," ती म्हणाली. "कुणाची आहे?"

"कुणाची म्हणजे? तुमच्या मुलीची."

"छे हो."

"अहो, तिच्याच तोंडातून काढलीय."

"वरचे दात तिचेच आहेत. हा काय, हा तिरका दात आहे. पण खालचे असे मधोमध नसतात तिचे. एका अंगाला जातात. यांच्या घरात सगळ्यांचे तसेच आहेत. सासऱ्यांचे तर असे होते की ते हसले की वाटायचं, शेजारच्याकडे बघून हसताहेत."

"पण फोटोत..." मी म्हटलं, आणि माझं लक्ष बापाकडे गेलं.

बाप खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

"काय केलंत?" बायकोनं विचारलं.

"थोडं टचिंग," तो म्हणाला.

"म्हणजे?" हे मी.

"म्हणजे नेहमीचंच. गालावरचा डास चावलेला डाग काढला. केस बसवले. आणि मग खालची ओळ जरा... उचलून मधे घेतली. सवयीनं हात चालतो हो डॉक्टर! गिऱ्हाइकं तसंच मागतात. दुकानाच्या काचेत वाकडं कसं लावणार?"

मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. वॉर्डातल्या सिस्टरला आठवतं, ती अजून अधूनमधून ते इतरांना म्हणून दाखवते. एवढं खरं की मी थांबले तेव्हा सगळ्या वॉर्डाची दातखिळी बसली होती. पण रागाखाली मला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. अजून तासाभरानं मी या पोरीच्या जबड्यात दुकानाच्या काचेतला जबडा बसवणार होते. पक्का, तारेनं बांधून. दाढेतला तो कागद मला सांगत होता आणि मी त्याला गप्प बसवलं होतं.

"मूळ फोटो कुठे आहे? टचिंगच्या आधीचा?"

"त्याच्यावरच सेव्ह केला," बाप म्हणाला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

"बरं. खालचे दात कुठल्या अंगाला जातात?"

"उजवीकडे," आई म्हणाली.

"डावीकडे," बाप म्हणाला.

"उजवीकडे म्हणजे तिच्या उजवीकडे की बघणाऱ्याच्या?"

दोघांनी आपापले हात वर करून हवेत भिंगरी उभी केली, तिच्याभोवती फिरले, आणि बाजू बदलून पुन्हा तेच भांडण सुरू केलं. घराण्याचा कल कळावा म्हणून मी बापाला दात दाखवायला लावले. त्याची खालची ओळ डावीकडे जात होती. जिन्यावर जाऊन काकाला आ करायला लावलं. त्याची उजवीकडे. सासरे आता हयात नव्हते, नाहीतर त्यांनाही उठवलं असतं.

भूल देणारे डॉक्टर दाराशी येऊन घड्याळ दाखवू लागले. "आज की उद्या?"

"उद्या नको," मी म्हटलं. "सूज वाढतेय, तुकडे चिकटायला लागतील. आजच. पण शेवटचा नंबर लावा."

परत आले तेव्हा भिंगरीनं माझा कोट धरला. कालपासून ती पहिल्यांदा बोलली. ओठ न हलवता, दात न लावता, नाकातूनच बोलल्यासारखं. "मला दुसऱ्या कुणाचे दात बसवणार?"

"नाही गं."

"आई म्हणाली, माझे नाहीत."

"तुझेच बसवणार," मी म्हटलं. कसे ते मला माहीत नव्हतं. मुलांशी खोटं बोलू नये असं मी विद्यार्थ्यांना शिकवते, आणि त्या क्षणी मी खोटंच बोलत होते.

तेवढ्यात जिन्यावरून काका आला. वहिनींनी बोलावलेलं नसताना आला, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "फोटोऐवजी चावा चालेल का?"

"कसला चावा?"

"आमच्याकडे पोहायला शिकताना मुलांच्या हातात फळी देतात. फोमची, अशी जाड. तिला धरून पाय मारायचे. तर पाण्यात तोंड घालायचं म्हटलं की कार्टी घाबरून फळीलाच चावतात. सगळ्या फळ्या कुरतडून ठेवल्यात."

"भिंगरीपण?"

"ती तर सगळ्यांच्या आधी! पण कबूल करत नाही. चावलं की बाकावर बसवतो ना मी, बाकीची पोहत असताना. म्हणून शपथेवर सांगते, मी नाही चावले."

भिंगरीनं गादीवरून जोरजोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"जा आणि सगळ्या फळ्या घेऊन या," मी म्हटलं. "धावत. स्कूटरवरून नाही."

तो खरंच धावत गेला आणि धावतच आला. निळ्या फळ्यांचा ढीग छातीशी धरलेला, त्यावरून फक्त डोळे दिसत होते. जिन्यात दोनदा सांडल्या. मी प्लास्टरांना बोलावून घेतलं, आणि आम्ही वॉर्डाबाहेरच्या लांब बाकावर त्या फळ्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीच्या कडेला चावे होते. काही नुसते दंश, काही लचके. पलंगांवरची मुलं उठून बघायला आली, त्यांना वाटलं खेळ आहे.

डोकं आता कुठे चालायला लागलं होतं. वरचा जबडा मोडलेला नव्हता. म्हणजे वरच्या दातांची आमची नक्कल बिनचूक होती. ज्या फळीच्या वरच्या बाजूचे खड्डे या नकलेच्या दातांना बरोबर बसतील, ती भिंगरीची. आणि त्याच चाव्यात, फळीच्या खालच्या बाजूला, तिचे खालचे दात कुठे टेकले होते ते उमटलेलं असणार.

मी नक्कल घेऊन एकेक फळी तपासत निघाले. एका फळीत दात बसेनात, त्या पोराला पुढचे दातच नव्हते. एकीवर इतका मोठा चावा होता की मी काकाकडे बघितलं. "ती तलावाच्या मॅनेजरांची," तो म्हणाला. "पोहायला घाबरतात, पण कुणाला सांगू नका." बाप प्रत्येक फळीपाशी "हीच! हीच असणार!" म्हणत होता. बायकोनं त्याला शेवटी पाण्याची टाकी बघायला परत पाठवलं.

आणि मग एका फळीवर नक्कल अशी जाऊन बसली की मी हात काढून घेतला तरी ती जागची हलली नाही. मधला दात, तिरका दात, त्याच्याशेजारची रिकामी जागा, सगळं खड्ड्याला खड्डा. मी फळी उलटी केली. खालच्या दातांचे खड्डे स्पष्ट होते, आणि ते मधोमध नव्हते. चांगला अर्धा दातभर बाजूला होते. तिच्या उजवीकडे.

"बघितलंत?" आई म्हणाली.

"पण ही तिचीच आहे याची खात्री?" प्लास्टरांनी विचारलं. "दोन पोरांचे वरचे दात सारखे असू शकतात."

आम्ही सगळे भिंगरीकडे वळलो. मी फळी तिच्यासमोर धरली. तिनं फळीकडे बघितलं, मग काकाकडे, आणि ठाम मान हलवली. मी नाही.

"भिंगरे, खरं सांग," काका म्हणाला.

मान हलली. नाही.

"मी म्हणतच होतो, ही कबूल करायची नाही."

"भावजी, बाकावर बसवणार नाही म्हणून सांगा तिला!" आई ओरडली.

"बसवणार नाही."

भिंगरीनं बोट वर केलं. एवढ्यानं भागत नव्हतं. तिनं बोटानं हवेत बाक काढला, त्यावर काट मारली, आणि मग पसरलेल्या हातांनी सगळा तलाव दाखवला.

"कुणालाच बसवणार नाही," काका म्हणाला. "कधीच. चावा हवं तेवढं. मॅनेजरसुद्धा."

तिनं क्षणभर विचार केला. मग मान खाली घातली आणि अगदी एवढीशी, हळूच होकारार्थी हलवली.

प्लास्टर आणि मी अक्षरशः पळत टेबलाकडे गेलो. तुकडे सोडवले, वरची नक्कल फळीत बसवून खालचे तुकडे खालच्या खड्ड्यांत बसवले, आणि मग फळी काढून दोन्ही जबडे तसेच जवळ आणले. उजवीकडच्या मागच्या दाढा एकमेकींवर टेकल्या. मी कागद घातला, तो अडकला. ओढला तर फाटला. प्लास्टर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता जेवून घ्यावं का?" मी म्हटलं, आधी टोपी.

जुनी टोपी त्यांनी कचऱ्यात टाकली. फार सुंदर होती. नवी टोपी एका अंगाला गेलेली, जराशी ओबडधोबड, दिसायला कुणालाही आवडली नसती.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. भिंगरीला भूल दिली, तुकडे हलवले, आणि टोपी बसवली तेव्हा ती कुठेही न अडता बसली. तार बांधून मी बाहेर आले तेव्हा काका पुन्हा जिन्यावर बसला होता, फळ्यांच्या ढिगाला टेकून. आईनं त्याच्या शेजारी चहाचा पेला ठेवला होता. बोलली काही नव्हती, पण चहात साखर होती, असं तो नंतर मला आनंदानं सांगत होता.

पुढचे काही आठवडे भिंगरीनं पातळ खाऊन काढले आणि माझ्या नावानं बोटं मोडली. दर तपासणीला ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी स्वयंपाकघरातलं सगळं चोरून नेलंय. टोपी घट्ट होती, हाड जुळत होतं, एक्स-रेच्या चित्रात सगळं सरळ दिसत होतं. पण चित्रावर माझा विश्वास उरला नव्हता. टोपीखाली दात एकमेकांना लागत नाहीत, त्यामुळे टोपी काढेपर्यंत खरं कळणार नव्हतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटायचं, ती फळी दुसऱ्याच पोरीची असली तर? भिंगरीनं केवळ बाक वाचवायला मान हलवली असली तर? एवढी मुरलेली वकील होती ती.

टोपी काढायच्या दिवशी सगळे आले. गुंगीचं औषध देऊन मी तारा कापल्या, टोपी सोडवली. गुंगी उतरल्यावर तिला खुर्चीत बसवलं. आई एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, बाप मागे उभा, कॅमेरा गळ्यात पण हात खिशात.

"आता हळूच तोंड मीट," मी म्हटलं. "दातांवर दात टेकव. जोर नको."

तिनं तोंड मिटलं. मला बाहेरून दिसत होतं की ओळ बाजूला गेलीय. पण ती तिच्याच जागी गेलीय की आम्ही नेऊन ठेवलीय, हे बाहेरून कळत नाही. ते एकच माणूस सांगू शकतं.

भिंगरीनं दात उघडले, मिटले. पुन्हा उघडले, मिटले. टक, टक असा बारीक आवाज आला. मग डोळे मिटून तिनं जीभ आतून सगळीकडे फिरवली, कोपऱ्याकोपऱ्यात, घरी परतल्यावर माणूस खोल्यांतून फिरून बघतं तशी.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

तिनं डोळे उघडले आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. एवढं घाबरण्यासारखं काय आहे, असा तिचा भाव होता.

"माझेच आहेत की," ती म्हणाली.

आणि मी, सगळ्यांच्या देखत, खुर्चीच्या हाताला धरून ढसाढसा रडले.